हद्द कायम मोजणी

पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.
मिरज, तासगाव, शेवटी थोडं जत.
भावाभावांच्या मधे उभा राहून सांगितलं, दगड इथे.
कुणी शिव्या दिल्या, कुणी ताक दिलं.

आता मोजायचंय
नातवंडांपासून किती लांब म्हातारं व्हावं ते.

कायतान दलालाची स्कूटर पुढे,
मागे जावयाच्या गाडीत आम्ही सगळे.
केरीचं घर: सुरूची झाडं, पायरीपर्यंत वाळू.
"दर्यो हांगाच, सायबा. खाटीवयल्यान दिसता."
दिसला. खरंच दिसला.
मी मनातल्या मनात खाटेची दिशासुद्धा ठरवली.
अनसूयेनं विचारलं, रायबंदर इथून किती?
सव्वा तास, कायतान म्हणाला, शनिवारी मात्र दोन.
ती परत गाडीत जाऊन बसली.

चोडणचं स्वस्त. विहीर, दोन माड, एक बिमलीचं झाड,
बांधापलीकडे खाजन, आणि त्यात बगळे
फेरफार तपासायला आल्यासारखे.
मधे नदी. वेदांग म्हणाला, मी रोज फेरीतून येईन!
मिहिकानं विचारलं, आणि रात्री फेरी झोपल्यावर?
ताप रात्रीच चढतो. पोरांना, आणि आमच्या वयालाही.
हे कुणी बोललं नाही. सगळे बिमल्या मोजत राहिलो.

मुलीच्याच इमारतीत खालचा मजला रिकामा आहे.
शर्वाणी म्हणते, बाबा, किती सोपं होईल.
'सोपं' म्हणताना तिला जराशी धाप लागली,
ती मी ऐकली.
पण वर खुर्ची सरकली की खाली कळणार,
आणि खाली कळलं, हे वर कळणार.
शेतांचं मी पाहिलंय:
सामाईक बांध सगळ्यात आधी कोरला जातो.

रात्री अनसूयेनं तिचं माप सांगितलं.
ते माझ्या टेपवर नव्हतं.
"पोर आईवर रुसली
तर उलट्या चपला घालून एकटी चालत येईल, इतकं जवळ.
आणि पोचेपर्यंत
कशावरून रुसलो ते निम्मं विसरेल, इतकं लांब."

सकाळी मिहिकाचं बोट धरून निघालो.
चढणीची गल्ली, मधे मोठा रस्ता नाही.
एक कपेल, पोदेराची भट्टी,
एक कुत्रा, भुंकणारा, पण बांधलेला.
दोनशेव्या पावलावर तिनं चिंच उचलली.
चारशेव्यावर माझं बोट सोडलं.
सहाशे अठरा. तिची पावलं, माझी नव्हेत.

बाय एस्मेराल्दाचं घर. दोन खोल्या, भाड्यानं,
फुलाफुलांची लादी, कमरेपर्यंत ओल चढलेली भिंत.
समुद्र नाही.
न्हाणीच्या खिडकीतून, चवड्यांवर उभं राहिलं तर
मांडवीची एक पट्टी,
एक बार्ज जाईल एवढी.
घेऊन टाकलं.

आणि काल प्रज्योतच्या टेबलावर
त्याच्या आजोबांच्या जन्माचा दाखला पाहिला,
लिस्बनला जायच्या पाकिटात.
"सगळेच करून ठेवतात, बाबा. असू दे म्हणून."
असू दे.
मी आयुष्यभर कागद वाचले,
कुठला कागद कुठे निघालाय ते मला पाकिटावरून कळतं.

दगड हलतात. रात्री कुणी हलवतं,
कधी ओढा घेऊन जातो.
म्हणून जुने मोजणीदार दगडाखाली ओंजळभर कोळसा पुरायचे.
कोळसा कुजत नाही.
दगड गेला तरी उकरल्यावर सापडावं,
इथे काहीतरी ठरलं होतं.

सामान अजून यायचंय. दोन ट्रंका, गॅस, माझा प्लेनटेबल.
अनसूयेनं आधीच नव्या दाराशी
मिहिकाचा जुना चपलांचा जोड आणून ठेवलाय.
तो तिला आता होत नाही.
मी म्हटलं, अगं, हा कशाला?
ती म्हणाली, राहू दे तिथे.